लाल तेवढा उरला

निझाम सर्किटमधून फिरून फिरून मऊ पडलेली प्रिंट
काचीगुड्याच्या गाडीतून सेलूच्या फलाटावर उतरायची
तोवर तिच्यातले रंग उडून गेलेले असत.
निळा आधी जातो, मुख्तारभाई सांगायचा, मग हिरवा.
लाल तेवढा हरामी, बसून राहतो.

त्या दिवाळीनंतर बॉक्सिंगचा सिनेमा आला
आणि पडद्यावर आभाळ लाल, टॉवेल लाल,
पंचाचा पांढरा शर्ट लाल,
हिरोच्या पाठीवरचा घाम
वीटभट्टीच्या उजेडातला.
खाली कुणीतरी म्हणालं,
डायरेक्टर लई मोठा माणूस दिसतोय गड्या,
रक्तातूनच दाखवायलाय समदं.

खरं रक्त मात्र दिसायचंच नाही.
भुवई फाटायची, ओठ फुटायचा,
लालावर लाल.
ठोसा बसला हे कळायचं
मान वळण्यावरून
आणि शिट्ट्यांवरून.

मी तेराचा. रिळं उलटी गुंडाळायचो.
भोकातून बघताना आवाज नसे, मशीनची खडखड तेवढी,
म्हणून मला वेगळंच दिसायचं:
कॅमेरा जमिनीला गाल लावून पडलेला,
हिरोचे पाय ज्वारीच्या ताटांसारखे उंच उंच,
आणि दोन गडी एकमेकांना इतके बिलगलेले
की पंचानं येऊन सोडवावं.
असे बिलगलेले दोन गडी मी
एकदाच पाहिले होते, मामाच्या तिरडीपाशी.

नववं रीळ.
हरलेला हिरो स्टुलावर बसतो. ग्लोव्हज हातात तसेच.
नाडी मनगटाच्या आतल्या अंगाला,
आणि मुठीला मूठ सोडता येत नाही.
नाक गळतं, पुसता येत नाही.
दातानं ओढून बघतो.
मग झाडू मारणारी म्हातारी बादली खाली ठेवते,
समोर उकिडवी बसते, नाडी सोडायला लागते.
अडीच मिनिटं. संगीत नाही, संवाद नाही.

त्या अडीच मिनिटांत लोकांनी खुर्च्या मोडल्या.
आरं मार की! बाईवानी काय बसलाय!
माझा थोरला, लिंबाजी,
दंडाला खोबरेल चोळून आलेला, सगळ्यात मोठ्यानं.

कचरुशेठ जिना चढून वर आले. काप, म्हणाले.
मुख्तारभाईनं ब्लेडनं कापलं, सिमेंट लावून जोडलं.
आता हिरो हरायचा आणि लगेच
मोकळ्या हातांनी दार उघडून बाहेर.
हात कुणी सोडवले, कुणी विचारलं नाही.
मर्दां का पिच्चर ऐसाइच रैता, मुख्तारभाई म्हणाला,
आणि कापलेली गुंडाळी माझ्या खिशात कोंबली.

माघात कार्बनच्या कांड्या बदलताना
त्याचे दोन्ही हात भाजले.
सरकारी दवाखान्यातून दोन पांढरे गोळे घेऊन
त्याच संध्याकाळी कामावर.
मशीन मी चालवायचो, तो भुवईनं सांगायचा.
चार दिवस शर्टाची वरची तीन बटणं उघडी.
विचारलं की म्हणे, गर्मी होरी.
माघात.

पाचव्या दिवशी, शेवटच्या शोच्या आधी,
मी त्याच्या स्टुलासमोर उकिडवा बसलो.
बटणं लावली. त्याच्या खिशातलं पान काढलं, कागद सोडवला.
त्यानं तोंड उघडलं.
भिंतीकडं बघत चावत राहिला, बराच वेळ,
चुना जास्त झालाय म्हणाला.
खाली लिंबाजी शिट्ट्या मारत होता, दिवे घालवा म्हणून.

ते सव्वादोनशे फूट अजून आहेत, बिस्किटाच्या डब्यात.
झाकण काढलं की आंबूस वास सुटतो.
उन्हात धरलं तर आता लालही फारसा नाही,
पेरूच्या गराएवढा.
म्हातारीची बोटं दिसतात. गाठ दिसते.
चौकटीमागून चौकट, गाठ तेवढीच घट्ट.
ती सुटते कुठंतरी दोन चौकटींच्या मधल्या
काळ्या पट्टीत,
तिथं चित्र नाही.